आमच्या घरचा नोड

"मास्तर म्हातारपणी बिटकॉइन काढायला लागलेत" अशी बातमी मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या लग्नात फिरली म्हणे. मी त्या लग्नाला नव्हतो. चार फोनांमधून फिरून ती माझ्यापर्यंत पोचली, तोवर आमच्या माडीवर वीस संगणक बसले होते आणि विजेचं बिल पंचवीस हजारांवर गेलं होतं! मंडळी, माडीवर संगणक एकच आहे. धाकट्या चिरंजीवांनी टाकून दिलेला जुना डेस्कटॉप. त्याला जोडलेली दोन टेराबाइटची एसएसडी तेवढी नवी. आणि तो बिटकॉइन 'काढत' वगैरे नाही, तो फक्त तपासतो. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं समजावण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं.

बिटकॉइन म्हणजे मुळात एक जमाखर्चाची वही. तिचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ या तारखेचं. सरासरी दर दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं, त्याला ब्लॉक म्हणतात. पान जोडण्याची शर्यत जे लावतात ते मायनर. खास यंत्रं, भरमसाट वीज, ते सगळं त्यांचं. नोडचं काम वेगळं. तो ही वही पहिल्या पानापासून उतरवून घेतो आणि उतरवताना प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. देणाऱ्याकडे ते पैसे होते का? तेच पैसे दोनदा तर दिले नाहीत? सही जुळते का? मायनरने स्वतःच्या वाट्याला नियमापेक्षा जास्त नाणी तर लिहून घेतली नाहीत? (एप्रिल २०२४ पासून हा वाटा पानामागे ३.१२५ नाण्यांचा आहे. सुरुवातीला ५० होता.) काही चुकलं तर पान नाकारतो. पान कोणी पाठवलं, तो किती मोठा, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

दहावीचे पेपर तपासलेल्यांना हे लगेच कळेल. परीक्षकाने गुण दिले तरी नियामक, म्हणजे आपला मॉडरेटर, गठ्ठ्यातले काही पेपर काढून पुन्हा बघतो. नोड हा असा मॉडरेटर की जो २००९ पासूनचे सगळे गठ्ठे उपसतो, एकही पेपर न सोडता. असा खडूस मॉडरेटर मला नोकरीत एकदाच भेटला होता. असो.

आता हे आमच्या घरात कशाला, ते सांगतो. यातला पुढचा भाग माझ्या साडूभाऊंना विचारूनच लिहितो आहे. "लिहा मास्तर, आता झाकून काय राहिलंय," असं ते म्हणाले.

२०२१ साली साडूभाऊंनी निवृत्तीच्या पैशांतले साडेचार लाख रुपये एका योजनेत घातले. पैसे बिटकॉइनमध्ये जाणार आणि दरमहा ठरावीक परतावा मिळणार, अशी बोली. हप्त्याहप्त्याने पैसे दिले, आणि प्रत्येक हप्त्याला एक रंगीत पावती. पावतीवर चौसष्ट अक्षरांचा लांबलचक क्रमांक. एजंट सांगायचा, हा व्यवहाराचा क्रमांक, जगात कुठेही तपासून घ्या. तपासायला वेबसाइटही त्यानेच दिली! तिथे क्रमांक टाकला की हिरवी खूण यायची आणि खाली रक्कम दिसायची. सहा महिने परतावा आला, मग थांबला. २०२३ मध्ये ती साइटही बंद पडली. तरी साडूभाऊंचं एकच पालुपद, "क्रमांक आहेत ना माझ्याकडे? व्यवहार झालेत ना? मग पैसे कुठेतरी असणारच." या आशेपायी त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. आणि या पावसाळ्यात त्या एजंटाचा पुन्हा फोन आला. पैसे 'अडकले' आहेत, सोडवायचे तर चाळीस हजार फी भरा. साडूभाऊ भरायला निघाले होते. मुदत मोडण्याचा फॉर्मही आणून ठेवला होता.

आमची नातबाई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने ते क्रमांक दोन नावाजलेल्या सार्वजनिक साइटवर टाकून पाहिले आणि सांगितलं, "हे नाहीच आहेत." त्यावर साडूभाऊ म्हणाले, "पोरी, ती पण वेबसाइट आणि ही पण वेबसाइट. एकीवर दिसत होतं, एकीवर दिसत नाही. मी कुणाचं खरं मानायचं?"

सगळे गप्प झाले. कारण प्रश्न रास्त होता! दोन वर्षांपूर्वी त्यांनी हा प्रश्न त्या एजंटाला विचारायला हवा होता हे खरं, पण म्हणून आता विचारलेला प्रश्न चुकीचा ठरत नाही. नातबाई विचार करून म्हणाली, "मग कुणाचंच मानू नका मावसआजोबा. वही आपल्याच घरी आणू." तिला कॉलेजचा प्रकल्प करायचाच होता. तिने तोच विषय घेतला: व्यवहाराचा क्रमांक टाकला की तो खरोखर वहीत आहे का, कोणत्या तारखेचा आहे, किती रकमेचा आहे, हे मराठीत सांगणारं छोटं अ‍ॅप. त्याच्या मागे नोड आपला स्वतःचा. माझ्याकडे खातं आलं ते अ‍ॅपमधल्या मराठी वाक्यांचं. पण ती माडीवर बसली की मीही शेजारी खुर्ची टाकून बसू लागलो, आणि बरंच काही पाहिलं.

पहिली गोष्ट तिने शिकवली ती अशी की खऱ्या वहीला हात लावण्याआधी सरावाची वही घ्यायची. बिटकॉइन कोअर नावाचं जे सॉफ्टवेअर आहे, त्यातच ही सोय आहे. 'रेजटेस्ट' म्हणतात तिला. बाहेरच्या जगाशी काहीही संबंध नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं. पानं आपणच जोडायची, हुकूम दिला की जोडली. दहा मिनिटं थांबायला नको. तिने आधी पाकीट तयार केलं (हल्लीच्या आवृत्त्यांत ते आपोआप होत नाही), मग पत्ता घेतला आणि मला म्हणाली, "आबा, एंटर दाबा." एका झटक्यात १०१ पानं तयार! १०१ च का? तर नव्या नाण्यांना नियम आहे, वर आणखी शंभर पानं चढल्याशिवाय ती खर्चता येत नाहीत. म्हणून १०१ झाली की पहिल्या पानाची ५० नाणी मोकळी होतात. मी खाली येऊन सौ.ला सांगितलं की पन्नास बिटकॉइन झाले. ती म्हणाली, "मग त्यातून गॅसचा सिलिंडर भरा." सरावाच्या नाण्याला किंमत शून्य, हे तिला न सांगताच कळलं होतं.

यातली नाणी पाठवायला गेलो तर सॉफ्टवेअर अडून बसलं. फीचा अंदाज बांधता येत नाही म्हणे. बरोबरच आहे, बाजारच नाही तर भाव कुठून येणार? सेटिंगच्या फायलीत 'फॉलबॅकफी'ची एक ओळ घातली आणि गाडी पुढे सरकली. बहुतेक शिकणारे इथे तासभर अडकतात असं नातबाई म्हणते.

सरावाच्या वहीत मला सगळ्यात आवडलेला हुकूम म्हणजे 'इनव्हॅलिडेटब्लॉक'. जोडलेलं पान रद्द ठरवायचं! खऱ्या वहीतही क्वचित असं होतं. दोन मायनर जवळजवळ एकाच वेळी पान पुढे करतात, थोडा वेळ दोन्ही फिरतात आणि मग ज्याच्यावर पुढची पानं जास्त चढतात ते राहतं, दुसरं गळतं. अशा वेळी अ‍ॅपने आधी दिलेलं 'आहे' हे उत्तर मागे घ्यायला हवं. नातबाईंच्या पहिल्या आवृत्तीत ते घेतलं जात नव्हतं. पान रद्द केलं तरी पडद्यावर 'आहे' तसंच! खऱ्या वहीवर हे तपासायचं म्हटलं तर तसं पान गळेपर्यंत वाट पाहत बसावं लागलं असतं. इथे पाच मिनिटांत दिसलं. प्रयोगशाळा याच्यासाठीच असते, पण आपल्याकडे प्रयोगवहीतली निरीक्षणं मागच्या वर्षीच्या मुलाची उतरवून घेण्याची पद्धत... जाऊ दे.

सॉफ्टवेअर उतरवून घेतानाची गोष्ट सांगायची राहिली. मला वाटलं डाऊनलोड केलं की झालं. नातबाईंनी फाइल उतरवली आणि आधी तिचा ठसा काढला. कुठल्याही फायलीवरून चौसष्ट अक्षरांचा असा ठसा काढता येतो की फायलीतलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. तो ठसा प्रकाशित यादीशी जुळवला. मग त्या यादीखाली ज्यांच्या सह्या आहेत त्या तपासल्या. अनेक जण आपापल्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे बांधतात, आणि सगळ्यांचा ठसा एकच आला तरच सह्या होतात. साडूभाऊ शेजारी बसून बघत होते. "एवढं मी बँकेतसुद्धा कधी बघितलं नाही," म्हणाले.

आता खरी वही. ती आज सहाशे जीबीच्या पुढे गेलेली आहे. जागा नसेल त्याच्यासाठी 'प्रून' नावाची सोय आहे: पानं तपासायची आणि जुनी टाकून द्यायची. मग साडेपाचशे एमबी पानांवरसुद्धा भागतं. तपासणी पूर्ण होते, फक्त कागद ठेवायचे नाहीत. पण आम्हाला कुठलाही जुना व्यवहार क्रमांकावरून शोधायचा होता. त्यासाठी सगळी पानं हवीत आणि वर वेगळी सूचीही, 'टीएक्सइंडेक्स'. सूची आणि प्रून एकत्र चालत नाहीत. म्हणून ती एसएसडी घ्यावी लागली. तिचे पैसे मी दिले, हेही नातेवाइकांनी नोंदवून ठेवावं. माझी बिटकॉइनमधली एकूण गुंतवणूक तेवढीच.

आधी डेस्कटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कवर करून पाहिलं होतं. २०१५ पर्यंत बरं चाललं, मग गोगलगाय झाली. कोणाची कुठली नाणी अजून खर्च व्हायची आहेत याची एक यादी नोड सतत चाळत असतो, आणि फिरत्या तबकडीला ते झेपत नाही. त्यात एके दुपारी वीज गेली, ती आली तेव्हा नोड म्हणाला की त्याची माहिती बिघडली आहे, पुन्हा पहिल्यापासून बांधा. एसएसडी आली, त्याबरोबर इन्व्हर्टरची एक तारही माडीवर गेली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटली. हा नोड कुणावर विश्वास ठेवत नाही असं मी वर लिहिलं. पण त्याचं मूळ सेटिंग जसं येतं त्यात तो एका ठरावीक ब्लॉकच्या आधीच्या सह्या तपासत नाही. सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनी तो ब्लॉक आत लिहून ठेवलेला असतो. बाकी हिशेब सगळा तपासतो, फक्त जुन्या सह्या सोडतो, वेळ वाचावा म्हणून. 'अझ्यूमव्हॅलिड' असं त्या सेटिंगचं नावच आहे. हे वाचल्यावर नातबाईंनी ते शून्य केलं. म्हणजे एकूण एक सही तपासायची. मी म्हटलं, "कशाला ग? सगळं जग तसंच चालवतंय ना?" तर म्हणाली, "मावसआजोबा विचारतील." आणि त्यांनी खरोखरच विचारलं! त्या एका शून्यापायी काम आणखी चार दिवस लांबलं.

तेवढे दिवस साडूभाऊ रोज संध्याकाळी यायचे आणि "कुठवर आलं?" विचारायचे. "२०१७ पर्यंत." "आज २०१९." वर्षं सरकताना बघायला मजा वाटायची. मध्ये एकदा त्यांनी हट्टच धरला, एक क्रमांक आताच टाकून बघ म्हणून. नातबाईंनी साफ नकार दिला. वही अर्धी वाचून झालेली असताना 'नाही' हे उत्तर खोटंही असू शकतं. आणि पुढे तिने ही गोष्ट अ‍ॅपमध्येच घातली. अ‍ॅप आधी नोडला विचारतं, तू शेवटपर्यंत पोचलास का? सूची पूर्ण झाली का? दोन्हींना होकार असेल तरच उत्तर देतं. नाहीतर "वही अजून वाचून व्हायची आहे, थांबा" एवढंच म्हणतं. ते वाक्य माझं.

अ‍ॅप नोडशी बोलतं ते त्याच संगणकाच्या आतल्या आत, ८३३२ क्रमांकाच्या दारातून. ते दार बाहेरच्या इंटरनेटला उघडायचं नाही. आत यायला लागणारी किल्ली नोड दर वेळी सुरू होताना नवी करून एका फायलीत ठेवतो. शिवाय खऱ्या वहीच्या या नोडवर पाकीट मुळात बंदच करून टाकलं आहे. त्यामुळे "हॅकर आले तर?" असं विचारणाऱ्या पुण्याच्या वहिनींना निरोप: त्यांना इथे चोरायला एक नाणंही मिळणार नाही.

अकराव्या दिवशी वही पूर्ण झाली. साडूभाऊ पावत्या घेऊन आले. एकूण अकरा.

क्रमांक टाइप करणं हेच मोठं काम होतं. त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, त्यामुळे 'ओ'सारखं काही दिसलं तर ते शून्यच. पण एखादा अंक चुकून दुसराच पडला तर तो पकडायची काहीच सोय नाही. बिटकॉइनच्या पत्त्यात अशी चूक पकडणारी अक्षरं असतात, व्यवहाराच्या क्रमांकात नसतात. मग आम्ही गुणपत्रकाची पद्धत लावली. मी वाचायचं, तिने टाइप करायचं, मग तिने वाचायचं आणि साडूभाऊंनी पावतीवर बोट ठेवून पडताळायचं.

नऊ पावत्यांना नोडचं एकच उत्तर. चूक क्रमांक उणे पाच, असा कुठलाही व्यवहार नाही. साडूभाऊ दर वेळी मान हलवायचे, बोलत काही नव्हते.

दोन सापडल्या. सातवी पावती सापडली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. मलाही क्षणभर वाटलं, देव पावला. नातबाईंनी तपशील उघडला. व्यवहार खरा होता, पण २०१४ सालचा! पावती २०२१ ची. रक्कमही भलतीच. दुसरीचंही तेच. ही वही सगळ्या जगाला खुली आहे, तेव्हा कुणाही अनोळखी माणसाचा जुना क्रमांक उचलून पावतीवर छापायला कितीसा वेळ लागतो? उरलेले नऊ तर मनाने रचलेले.

साडूभाऊंनी विचारलं, "पहिल्या पानापासून सगळं वाचलंय ना याने?" तिने पडद्यावर एकूण पानांचा आकडा दाखवला. ते थोडा वेळ त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझे पैसे त्या वहीत कधी गेलेच नाहीत." कोणी काही बोललं नाही. सौ.ने वर चहा आणला तो तसाच निवला. मुदत मोडायचा तो फॉर्म त्यांनी खिशातून काढला आणि आमच्याच रद्दीत टाकून गेले.

त्या दोन सापडलेल्या पावत्यांनी अ‍ॅप मात्र बदलून टाकलं. आधी उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच होतं. तसंच ठेवलं असतं तर साडूभाऊंना दोन ठिकाणी 'आहे' दिसलं असतं आणि त्या दोनाच्या भरवशावर त्यांनी चाळीस हजार भरले असते. आता 'आहे' हा शब्द एकटा येतच नाही. "हा व्यवहार वहीत आहे. तारीख अमुक. रक्कम अमुक. हा तुमचाच व्यवहार आहे असं यावरून सिद्ध होत नाही." शेवटचं वाक्य फार लांब आहे अशी नातबाईंच्या सरांची तक्रार आहे. मी ते कापू देणार नाही.

रकमेचाही एक घोळ निस्तरावा लागला. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्या भागाला सातोशी म्हणतात. नोड रक्कम दशांशात देतो, आणि संगणकाला दशांशात बेरीज करायला सांगितली तर शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन बरोबर शून्य दशांश तीन येत नाही, शेपटीला कचरा येतो! चौथीच्या मुलाला मी यावर गुण दिले नसते. म्हणून आत सगळा हिशेब सातोशीच्या पूर्णांकांत करायचा आणि दाखवताना फक्त दशांश लावायचा. रुपये नको, पैशांतच हिशेब ठेवायचा, तसं.

'नाही'च्या वाक्यावर आमचं दोन दिवस भांडण झालं. मला लिहायचं होतं, "ही पावती खोटी आहे." ती म्हणाली, "आबा, नोड असं म्हणत नाही. आताच पाठवलेला व्यवहार अजून आपल्यापर्यंत पोचलेला नसू शकतो. अंक चुकलेला असू शकतो. आणि गंमत माहितेय? वहीतला अगदी पहिला व्यवहार विचारला तरी नोड 'देता येत नाही' म्हणतो, तो नेहमीसारखा व्यवहार मानतच नाहीत." शेवटी वाक्य ठरलं ते असं: "अमुक पानापर्यंतच्या वहीत हा क्रमांक नाही. क्रमांक पुन्हा पडताळा. फी भरण्याआधी ज्याने पावती दिली त्याला विचारा." यातलं तिसरं वाक्य साडूभाऊंनी सुचवलं. मराठीचा मास्तर मी, पण ते सुचलं त्यांना.

हे सगळं कायदेशीर आहे का, असं दोघातिघांनी विचारलं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्याची मनाई केली होती, ती सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केली. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. आम्ही विकतही घेत नाही, विकतही नाही, फक्त वही वाचतो. मला विचाराल तर घ्यावंही नाही. भाव ज्या गतीने वरखाली होतो ते पेन्शनरच्या छातीला सोसणारं नाही.

साडूभाऊंनी आता तक्रार द्यायचं ठरवलं आहे. प्रत्येक पावतीची झेरॉक्स आणि तिच्या मागे नोडच्या उत्तराची प्रिंट, अशी फाइल केली आहे. अक्षर त्यांचं पहिल्यापासून सुंदर, त्यामुळे अनुक्रमणिका हाताने लिहिली. परवा संध्याकाळी ते पुन्हा आले, बरोबर त्यांच्या सकाळच्या फिरण्यातले एक गृहस्थ. त्यांच्याकडे सतरा पावत्या होत्या, तसाच रंग, तसाच कागद. नातबाईंची परीक्षा जवळ आल्यामुळे ती कॉलेजला गेलेली. साडूभाऊंनीच संगणकासमोर खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचा. सावकाश वाचा."